घराणीं कां बुडतात?

एखाद्या जुन्या घराण्याचें नांव नाहींसें झालें म्हणजे लोक त्याचें कारण शोधूं लागतात. कोणी पूर्वजांच्या पापाकडे बोट दाखवितो, कोणी सुनेला दोष देतो. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील नामांकित घराणीं लोपूं लागलीं, तेव्हां सुखसोयी व बुद्धि वाढली कीं प्रजननशक्ति घटते, असें कारण सांगितलें जाई. त्यांत केवळ योगायोगाचा भाग किती, हा प्रश्न फ्रॅन्सिस गॉल्टन यानें १८७३ सालीं जाहीरपणें विचारला. हेन्री विल्यम वॉट्सन या गणितज्ञ धर्मोपदेशकानें त्याचें उत्तर दिलें.

नांव बापाकडून मुलाकडे जातें. म्हणून या वंशवृक्षाला फांद्या फक्त मुलग्यांच्या. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, १०० घराण्यांचे १०० मूळपुरुष आहेत. प्रत्येक पिढींत शेंकडा २५ पुरुषांना मुलगा होत नाहीं, ५० जणांना एक व २५ जणांना दोन होतात. सरासरी माणशीं एक. म्हणजे पुरुषांची संख्या सरासरीनें घटत नाहीं. तरी पहिल्याच पिढींत सुमारें २५ नांवें पुसलीं जातात, आणि गेलेलें नांव परत येत नाहीं. १०० पिढ्यांनंतर सरासरीनें तीन-चारच घराणीं उरतात. जे कोणी पुरुष असतील ते सर्व त्यांतलेच. पुढें केव्हां ना केव्हां तींहि खात्रीनें लोपतात.

आतां एक मुलगा असणारे शेंकडा २५ व दोन असणारे ५० धरले, तर सरासरी सव्वा होते. वॉट्सनच्या मतें अशींहि घराणीं शेवटीं नष्टच व्हावयाचीं. येथें तो चुकला. नाशाचा संभव निम्मा धरून पाहावें. मुलगा नसणाऱ्यांचा वंश तेथेंच संपतो, हा पाव भाग. एक मुलगा असणाऱ्यांच्या पाव भागांतून निम्मे जातात, हा अष्टमांश. दोन मुलगे असणाऱ्यांच्या अर्ध्या भागांत दोन्ही शाखा खुंटण्याचा संभव पाव, हा आणखी अष्टमांश. बेरीज बरोबर निम्मी येते. 'नाश अटळ' हें उत्तरहि त्याच समीकरणांत बसतें. वॉट्सननें तेवढेंच पाहिलें. खरें उत्तर या दोहोंतील लहान. फ्रान्समध्यें बिएनेमे यानें योग्य सिद्धांत १८४५ सालींच मांडला होता, पण तो विस्मृतींत गेला.

१९२९ सालीं डेन्मार्कमधील गणितज्ञ एर्लांग यानें हाच प्रश्न पुनः उपस्थित केला. त्याच्या आईकडील क्रारुप घराणें नामशेष होत चाललें होतें. तो स्वतः अविवाहित होता, व त्याच वर्षीं वारला. १९३० सालीं त्याचाच देशबंधु स्टेफेन्सन यानें पूर्ण उत्तर दिलें.

सव्वा सरासरीच्या त्या १०० घराण्यांतील निम्मीं बुडतात, निम्मीं टिकतात. आणि त्यांच्यांत गुणदोषाचा तिळमात्रहि भेद नसतो. निर्वंश झालेल्या घरावर ठपका ठेवण्यापूर्वीं एवढें गणित अवश्य करून पाहावें.