गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारीचें दुखणें

गिअर आपोआप बदलणारी मोटार ही आतां केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. अमेरिकेंत १९३९ सालीं ओल्ड्समोबिलनें ती बाजारांत आणली. आपल्याकडे २०१४ सालच्या मारुती सेलेरिओनंतर ती मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि दिसूं लागली. सोय मोठी खरी. पण गाडी अडली आणि 'गिअरपेटीच बदलावी लागेल' असें कोणी सांगितलें, कीं मालकाच्या पोटांत गोळा उठतो. पुष्कळदां मूळ दोष पेटीबाहेरच असतो.

प्रथम आपली यंत्रणा कोणत्या जातीची, तें पाहावें. सेलेरिओसारख्या गाडींत क्लच व गिअर नेहमींचेच. चालकाच्या हातापायांचें काम तेवढें यंत्र करतें. तेथें गिअर पडतांना किंचित् आचका बसणें हा स्वभाव आहे, रोग नव्हे. दुसऱ्या जातींत टॉर्क कन्व्हर्टर असतो : दोन पंखे समोरासमोर व मध्यें तेल. एक पंखा तेल भिरकावतो, त्या जोरानें दुसरा फिरतो. येथें मात्र नवा आचका सुरू झाला तर दुर्लक्ष करूं नये. पट्टा आणि कप्प्या यांवर चालणारी जात आणखी निराळी. तिचें तेलहि निराळें. एकीचें तेल दुसरीस घालूं नये.

कन्व्हर्टरच्या गाडीची नाडी तेलांत सांपडते. तें करपट वासाचें व काळपट झालें असेल, तर आंतील क्लचच्या चकत्या जळूं लागल्या असाव्यात. दुधट गुलाबी दिसलें, तर पाणी शिरलें आहे : एकतर रेडिएटरमधून, नाहींतर पावसाळ्यांत गाडी पुरांत उभी राहिल्यामुळें. पुष्कळ नव्या गाड्यांत तेल मोजण्याची कांडीच नसते (ही कारखानदारांची काटकसर मला पटत नाहीं). मग कारखान्यांत ठराविक उष्णतेलाच पातळी पाहावी लागते.

आतां लक्षणें. इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाहीं, ही घसरण होय. तेल कमी किंवा क्लच झिजलेला. दांडी 'डी'वर आणल्यावर गाडी दोनतीन सेकंद विचार करीत राहिली, तर तेलाचा दाब उशिरा चढत आहे. पनवेलहून निघतांना ठीक, पण खोपोलीपुढें बोरघाटांत रांगत चढतांना घसरण, असें झालें तर तापून पातळ झालेलें तेल झिजलेल्या सीलांतून निसटत असावें. म्हणून दोष केव्हां, कोणत्या गिअरला, थंड असतां कीं तापल्यावर दिसला, तें लिहून न्यावें. मिस्त्रीला तें टिपण फार उपयोगी पडतें.

गाडी एकाच गिअरांत अडकली, तर तिच्या संगणकानें स्वतःस जपण्यासाठीं तसें केलेलें असतें. अशा वेळीं बॅटरी व जोडतारा आधीं तपासाव्यात. संगणकाचा दोषांक नुसता दोषाचा मार्ग दाखवितो. व्हॉल्व्हचा अंक आला तरी तुटलेली तारहि निघते. आणि गाडी ओढून नेण्याची वेळ आलीच, तर इंजिन ज्या चाकांना फिरवितें तीं रस्त्यावर टेकूं देऊं नयेत. बंद इंजिनाचा पंप आंतील भागांना तेल पुरवीत नाहीं.