धक्का लांबला, नोकऱ्या कोणाच्या?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला समुद्र तसा लांबचा. पण तासगावची द्राक्षे युरोपला जातात ती बरीचशी उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा बंदरातून. बोट धक्क्याला लागायला उशीर झाला, की त्याचा हिशेब बागेतल्या मजुरापर्यंत येतो. तेव्हा हा धक्का बांधतात कसा, हे आपल्या घरांतही ठाऊक असावे.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, तेव्हा कंटेनरचा धक्का ६८० मीटरचा होता. आता साडेतीनशे मीटरहून लांब बोटी येतात. त्या जुन्या धक्क्यावर अशा दोनसुद्धा मावायच्या नाहीत. म्हणून धक्का वाढत गेला. भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा पहिला १००० मीटरचा टप्पा २०१८ साली सुरू झाला, दुसरा तेवढाच सप्टेंबर २०२५ मध्ये.

धक्का म्हणजे दगडमातीचा बांध नव्हे, खांबांवर उभा असलेला पूलच म्हणा. खाडीच्या तळाशी मऊ चिखल आणि त्याखाली आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. आधी जाड लोखंडी नळा चिखलातून उतरवायचा, आतला गाळ उपसायचा, खडकात पोखरायचे आणि सळयांचा पिंजरा सोडायचा. काँक्रीट वरून ओतत नाहीत, पाण्यात सिमेंट धुऊन जाईल. लांब नळीचे तोंड तळाशी ठेवून ते खालून वर चढवतात. पाणी आपोआप वर ढकलले जाते. मध्येच नळीचे तोंड काँक्रीटबाहेर निघाले, तर त्या खांबाचा भरवसा गेला. शिवाय मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वरखाली होते. खालच्या तुळयांवरचा कामगार घड्याळ पाहत नाही, भरतीचे कोष्टक पाहतो.

मागच्या भरावाचे काम त्याहून चिकाटीचे. चिखलात प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या खोलवर उभ्या खुपसतात आणि वर मातीचा जादा ढीग रचतात. त्या वजनाने आतले पाणी दिव्याच्या वातीसारखे पट्टीतून वर येते आणि जमीन बसते. यात महिनोन्महिने जातात. घाई केली तर पुढे कंटेनरखालची फरसबंदी खचते.

या परिसरातल्या जमिनीचा इतिहासही विसरता येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र मोबदल्यासाठी रस्त्यावर आले आणि जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला.

आता नोकरीचे. पोर्ट ट्रस्टची भरती आरक्षणाच्या नियमाने होई. १९९७ मध्ये दुसऱ्या टर्मिनलचा करार खाजगी कंपनीशी झाला आणि २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही ३० वर्षांसाठी खाजगीकडे गेले. तिथे आरक्षण लागू नाही. धक्का तिपटीहून लांब झाला, पण आपल्या मुलांसाठीचा तो दरवाजा मात्र अरुंद झाला, हे माझे स्पष्ट मत.

बांधकामावर ठेकेदाराच्या हाताखाली आपले अनेक बांधव जातात, बंदरावर असो वा कऱ्हाडच्या पुलावर. वर्षात ९० दिवस काम केले असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांना शिष्यवृत्तीही मिळते. त्यासाठी ठेकेदाराचा ९० दिवसांचा दाखला लागतो. तो काम चालू असतानाच मागून घ्यावा. काम संपले की ठेकेदार भेटत नाही.