जंजिऱ्याहून दंडाराजपुरीला

मुरूडला एका दिवसासाठी येणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचे, जंजिऱ्याच्या दरवाजात उतरायचे, पाऊण-एक तासात कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष पाहायचे आणि त्याच होडीने परत फिरायचे. किल्ला पाहून होतो, पण तो एवढा काळ टिकला कसा, हा प्रश्न तसाच राहतो. मग ‘चारी बाजूंनी समुद्र, म्हणून अजिंक्य’ एवढ्या उत्तरावर समाधान मानले जाते. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे आणि बेत चुकीच्या दिशेने आखल्यामुळे ते अपुरे राहते. जंजिरा हे जाण्याचे ठिकाण न मानता निघण्याचे ठिकाण मानावे. सकाळी बेट पाहावे आणि उरलेला दिवस बेटावरून काठाकडे, म्हणजे दंडाराजपुरी या जुन्या बंदर-शहराकडे येण्यासाठी ठेवावा. त्या दिवसाचा शेवट आगरदांड्याच्या धक्क्यावर व्हायला हवा.

‘आगरदांड्यात पाहण्यासारखे काय आहे?’ असे कोणीही विचारील, आणि रूढ अर्थाने उत्तर ‘फारसे काही नाही’ असेच आहे. धक्का आहे, दिघीला जाणारी जंगलजेटी आहे, तिच्यात चढण्यासाठी रांगेत थांबलेल्या मोटारी आणि दुचाक्या आहेत. पण खाडी समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. राजपुरी खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे तिच्या तोंडावरच जंजिरा बसला आहे, आणि आगरदांडा त्याच्या आतल्या अंगाला, उत्तर काठावर आहे. समोर दिघी. मधले पाणी रुंद, खोल आणि वाऱ्यापासून बरेच सुरक्षित. हे पाणी हीच इथली खरी संपत्ती आहे. दिघी बंदराच्या योजनेत दिघी आणि आगरदांडा असे दोन्ही काठ आले ते याच गुणामुळे. २०२१ मध्ये हे बंदर अदानी समूहाकडे गेले आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या औद्योगिक नगरांच्या यादीत दिघीचे नाव आले.

या पाण्याची किंमत माणसाने आज ओळखली असे मात्र नाही. खाडीच्या वरच्या अंगाला मांदाड आणि त्याच्याजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत. प्राचीन ग्रीक लेखकांनी नोंदवलेले ‘मंदगोरा’ बंदर म्हणजे मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची जी ओळख येते, ती वाचण्यासारखी आहे. महाभोज घराण्याची माणसे आणि त्यांचे लेखनिक आहेत, तसेच फुलांचा धंदा करणारा माळी आहे, वैद्य आहे, आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. सह्याद्री उतरून लोखंड विकणारा माणूस या खाडीकाठच्या डोंगरात दान देतो, याचा अर्थ घाटावरच्या मालाला इथे वाट होती. जंजिऱ्याच्या तटाचा पहिला दगड बसण्याच्या कितीतरी शतके आधी ही खाडी बाजारपेठेची होती. किल्ला नंतर आला, आणि तो या पेठेसाठीच आला.

कोळ्यांनी बेटावर बांधलेला मेढेकोट, निजामशाहीने तो हस्तगत करून सोळाव्या शतकात उभारलेला दगडी कोट आणि पुढे सिद्दींची सत्ता, ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्यात काठाचे महत्त्व मात्र झाकले जाते. १६६१ च्या सुमारास दंडाराजपुरी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. बेट सिद्दीकडे आणि काठ मराठ्यांकडे अशी अवस्था झाली, आणि ती सिद्दीला सहन होण्यासारखी नव्हती. १६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासीम पाण्याच्या बाजूने आणि सिद्दी खैर्यत जमिनीच्या बाजूने दंडाराजपुरीवर चालून गेले आणि ते ठाणे परत घेतले. दारूच्या कोठाराच्या स्फोटाने महाराज रायगडावर जागे झाले आणि दंडाराजपुरीवर संकट आल्याचे म्हणाले, अशी आख्यायिका मोगल इतिहासकार खाफीखानाने दिली आहे. ती खरी मानायची गरज नाही. पण त्या ठाण्याची किंमत दोन्ही पक्षांच्या मनात किती होती, हे ती सांगते. राजपुरीहून आगरदांड्याकडे येताना खोकरीला तीन घुमट लागतात. मोठा सिद्दी सरदार सुरूलखानाचा आणि दोन लहान त्याच कासीमचे, म्हणजे याकुतखानाचे, आणि खैर्यतखानाचे. ज्यांनी बेट राखले त्यांनी कायमची विश्रांती काठावर घेतली. सत्तेची मुळे कुठे होती, हे याहून स्पष्टपणे कोणता पुरावा सांगणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. काठ इतका महत्त्वाचा होता, तर काठ हातात असतानाही मराठ्यांना बेट का घेता आले नाही? शिवाजी महाराजांनी समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. जानेवारी १६७५ मध्ये त्यांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र या किल्ल्याला रसद पोचवण्यात कुचराई केल्याबद्दल अत्यंत कडक शब्दांत आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून बेटापर्यंत दगड टाकून सेतू बांधायला घेतला, पण मोगल फौज कल्याणकडे उतरल्याने ते काम सोडावे लागले. बेट पडले नाही, हे खरे. पण ते केवळ तटामुळे टिकले, असे म्हणणे अर्धवट आहे. सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार होता, त्याला आरमारासाठी तनखा मिळे, त्याच्या गलबतांना मुंबईत पावसाळा काढता येई. १६८९ मध्ये तर तो शिवडीला उतरून इंग्रजांच्या मुंबईलाच वेढा घालून बसला. तटाच्या मागे असे आरमार उभे होते. उलट बाजूही पाहावी. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मोहिमेत राजपुरी आणि खाडीकाठची ठाणी गेली, रायगडही सिद्दीच्या हातून सुटला; १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसच्या बाजूला सिद्दी साताचा पराभव करून त्याला मारले. तट जागेवर राहिला आणि मुलूख हातातून निसटला. पुढे १९४८ पर्यंत संस्थान टिकले, पण त्याचा कारभार मुरूडला येऊन बसला होता. अजिंक्य किल्ला आणि अजिंक्य सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून दिवस आखताना पाणी आधी पाहावे. कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी नऊ ते पावणेदहा ही वेळ येते, आणि बेटावर उतरायला ती चांगली. पाणी चढलेले असले की दरवाजापाशी ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या कमी चढाव्या लागतात. होडी अगदी जवळ येईपर्यंत दोन बुरुजांमधला हा दरवाजा नजरेला पडत नाही. पडला की त्याच्या बाजूच्या भिंतीवर हत्तींना पंजांत आणि शेपटीत धरलेल्या श्वापदाचे शिल्प जरूर पाहावे. आत गेल्यावर तोफांपेक्षा जास्त वेळ पूर्वेच्या तटावर द्यावा. तिथून राजपुरीची घरे, खोकरीकडचा काठ आणि आत वळत गेलेली खाडी एका नजरेत येते. परतीच्या होडीत बसण्यापूर्वी हे पाहिले, तर राजपुरीला उतरल्यावर ‘आता किल्ला संपला’ असे वाटत नाही. तिथून खोकरी, तिथून आगरदांडा. दुपारनंतर जंगलजेटीने दिघीला जाऊन परत यावे आणि खाडीची रुंदी अंगाने अनुभवावी. कुड्यासाठी तळा गावाच्या बाजूला वेगळी सकाळ काढणेच बरे. एका दिवसात ते कोंबू नये. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा हा बेत ऑक्टोबर ते मे या काळातलाच समजावा.

एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांची अडचण मला समजते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचे तास मोजके असतात, आणि मुलाबाळांना घेऊन वारंवार होडीत चढणे-उतरणे सोपे नाही. पण पाऊण तासाचा किल्ला पाहण्यासाठी प्रवासात पाच-सहा तास घालवणाऱ्याने काठासाठी आणखी तीन तास ठेवले, तर आधीचे तास कारणी लागतात. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. रेवस–रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा–दिघी पूल योजलेला आहे. तो व्हायलाच हवा; जंगलजेटी चुकली की खाडीला वळसा घालावा लागणाऱ्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि मासळी विकायला नेणाऱ्या बायांना आणखी थांबायला सांगण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र पूल झाला म्हणजे धक्का बंद, हे गृहीत धरू नये. जंजिरा, राजपुरी, आगरदांडा आणि दिघी अशी एकाच तिकिटावरची लाँच मेरीटाइम बोर्डाने ऑक्टोबर ते मे चालवावी, आणि ती चालवण्याचे काम राजपुरीच्या होडीवाल्यांनाच द्यावे. या खाडीची भरती-ओहोटी, वाऱ्याचा रोख आणि खडकांची जागा त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि बेट ते काठ ही फेरी आजही तेच मारत आहेत.