सूचक आणि अनुमोदक

सभेत ठराव मांडणारा कितीही तळमळीने बोलला, तरी अनुमोदक उठल्याशिवाय ठराव मताला जात नाही. आम्ही कामगार सभांत वाढलेली माणसे. शास्त्र शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. हाच नियम रक्तातही चालतो हे तिथे वाचले, तेव्हा मोठे नवल वाटले.

रोगजंतूंवर प्रतिपिंड नावाची द्रव्ये सोडणाऱ्या पेशींना ‘बी’ पेशी म्हणतात. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे हेन्री क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वाणाचे उंदीर घेतले आणि किरणांचा मारा करून त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती मोडून टाकली. मग मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी परका पदार्थ म्हणून टोचल्या. काही उंदरांना सोबत हाडांतील मज्जेच्या पेशी दिल्या, काहींना छातीतल्या थायमस ग्रंथीच्या. दोन्हीकडे प्रतिपिंड नाममात्र. पण दोन्ही पेशी एकत्र दिल्या, तेव्हा ते दोहोंच्या बेरजेहून कितीतरी अधिक निघाले!

यात काम कोणाचे आणि मदत कोणाची? मेलबर्नमध्ये ग्रॅहॅम मिचेल व जॅक मिलर यांनी १९६८ साली उत्तर दिले: प्रतिपिंड करते ती मज्जेतली पेशी, थायमसची, म्हणजे ‘टी’ पेशी, एक थेंबही करीत नाही. आमच्या मते तिचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

घडते ते असे. बी पेशी परका पदार्थ पकडते, गिळते, आणि त्यातील प्रथिनाचा तुकडा आपल्या अंगावर मांडून दाखवते. टी पेशीला तो तुकडा ओळखीचा निघाला, तरच ती इशारा देते. मग बी पेशी भराभर विभागते. नुसती पकड पुरली असती, तर चुकून स्वतःच्याच शरीराला धरणारी बी पेशीही मोकाट सुटली असती. अनुमोदनाची अट जाचक वाटते खरी, पण ती घरभेदीपणा आवरण्यासाठी आहे.

अट एवढ्यावर संपत नाही. लंडनच्या एव्हरियन मिचिसन यांनी १९७१ साली उंदरांतच दाखवले, की बी पेशीने ओळखायचा भाग आणि टी पेशीने ओळखायचा भाग एकमेकांना जोडलेले हवेत. वेगवेगळे टोचले, तर मदत पोचत नाही.

आता पाळण्याकडे वळू. तान्ह्या मुलांना मेंदूज्वर व न्यूमोनिया देणाऱ्या ‘हिब’ जंतूवर साखरेचे कवच असते. साखरेचा तुकडा टी पेशीला दाखवता येत नाही. मोठ्यांच्या बी पेशी तिच्याशिवायही थोडेबहुत निभावतात. दोन वर्षांखालच्या मुलांना ते जमत नाही. नुसत्या साखरेची लस म्हणूनच त्यांच्या बाबतीत फुकट गेली. मग शास्त्रज्ञांनी ती साखर एका प्रथिनाला, पुष्कळ लसींत धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, पक्की जोडली. बी पेशी साखर धरते, प्रथिनही तिच्याबरोबर आत जाते, आणि अनुमोदक उठतो. आपल्या सरकारी लसीकरणात २०११ पासून येऊ लागलेल्या पाच रोगांवरच्या लसीत ही जोडी असते. दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत पहिली सुई टोचतात, ती हीच.