‘एआय’ वॉशिंग मशीनच्या आत काय असतं?

दसऱ्याचे सेल लागले की वॉशिंग मशीनवर ‘एआय’चा स्टिकर हमखास दिसतो. आत काय चालतं ते सांगतो.

पाणी सोडायच्या आधी मशीन ड्रम थोडा फिरवून बघतं. मोटरला किती जोर लागतोय, त्यावरून कपड्यांच्या वजनाचा अंदाज. काहींमध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सरही असतो. त्यावर पाणी आणि वेळ ठरतो. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण नवीन? १९९० च्या सुमारास जपानी कंपन्या असंच काहीतरी ‘फझी लॉजिक’ म्हणून विकायच्या. आणि लोत्फी झादेह यांचा फझी सेट्सवरचा पेपर तर १९६५ चा!

माझ्या मावशीकडे दुकानदार एआयचे चार हजार जास्त मागत होता. मी म्हटलं, “मावशी, त्याला एवढंच विचार, वायफाय बंद केलं तर यातलं काय काय चालतं?”

कारण अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर सर्व्हर गेला की तीही गेली. ह्युमेनचा एआय पिन आठवतोय? एप्रिल २०२४ मध्ये आला, ६९९ डॉलरला, वर महिन्याला २४ डॉलर. २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद. कॉल नाही, मेसेज नाही. बॅटरी किती उरली एवढं सांगायचा.

वजनाचं गणित मात्र मशीनमधल्या चिपवरच होतं, आणि ते बिनस्टिकरच्या बऱ्याच मशीनमध्येही मिळतं.