महाबळेश्वर सोडून

सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्या घरांत दरवर्षीं एकच खलबत सुरू होतें आणि तें दरवर्षीं महाबळेश्वरलाच जाऊन संपतें. चौदा माणसांचें कुटुंब. वडील मंडळींना देवदर्शन हवें, मुलांना डोंगर हवा, आणि मधल्या पिढीला, खरें सांगावयाचें तर, नुसतें पडून राहावयाचें असतें. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आमच्या थोरल्या काकूंनीं बामणोलीस जाऊं या असें सुचविलें. काकू सहसा कांहीं मागत नाहींत. त्यांचें माहेर कोयनेच्या खोऱ्यांतलें. तें गांव धरणाच्या पाण्याखालीं गेलें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या तिकडे एकदांही गेल्या नव्हत्या. मग महाबळेश्वरचें नांव कोणीं काढलें नाहीं.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढला कीं कासच्या पठारावरून बामणोलीस उतरतां येतें. कासचीं फुलें पाहावयाचीं तर भाद्रपदांतच जावें. आम्ही गेलों तेव्हां पठार वाळून पिवळें पडलें होतें आणि मुलांचीं तोंडें उतरलीं. पण उघड्या पठारावर एक गोष्ट नीट दिसते, ती म्हणजे जांभ्या दगडावर माती किती पातळ आहे ती. एवढ्याशा मातीवर पावसाळ्यांत तेरडा, गेंद, सोनकी यांचे गालिचे पसरतात. टोपली कारवी तर सात वर्षांनीं एकदां बहरते. मातींत कस नाहीं म्हणून येथील सीतेचीं आसवें व दवबिंदू या नाजूक नांवांच्या वनस्पति बारीक किडे धरून खातात, हें ऐकतांच मुलांचा रुसवा गेला. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या जागा जागतिक वारसा म्हणून मान्य झाल्या, त्यांत कास, कोयना व चांदोली हीं तिन्ही आहेत.

बामणोलीहून वासोट्यास जावयाचें तें लाँचनें. वनखात्याची परवानगी आधीं काढावी लागते, गडावर मुक्काम करतां येत नाहीं, आणि पावसाळ्यांत वाट बंदच असते. त्यामुळें पहिल्या लाँचनें निघावें हें बरें. कोयनेचें हें जलाशय, शिवसागर, शंभर अब्ज घनफुटांच्या घरांत पाणी सांठवितें. दोन्ही बाजूंस डोंगर थेट पाण्यांत उतरलेले आणि मध्यें निळें, निश्चल पाणी. आमच्या मंडळींनीं कौतुकाचीं सारीं विशेषणें पहिल्या दहा मिनिटांतच खर्च केलीं. काकू मात्र एका बाजूस बसून डोंगरांकडे पाहत होत्या. पाण्यावर खूण राहत नाहीं. डोंगरांच्या माथ्यांवरूनच गांव ओळखावें लागतें. कांहीं वेळानें त्यांनीं नावाड्यास जरा थांबावयास सांगितलें. त्यानें कारण न विचारतां यंत्र बंद केलें आणि म्हणाला, "आमचंबी घर हितंच खाली हाय, आजी." काकूंनीं पदराची गांठ सोडून आणलेली हळदकुंकवाची पुडी पाण्यांत सोडली. लाँच पुन्हां सुरू होईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

कांठावरील मेट इंदवलीपाशीं उतरल्यावर रान सुरू होतें. काकू व आई खालींच थांबल्या. आम्ही बाकीचे अडीच तासांची चढण चढलों. आरंभीं झाडींत घरांचीं जोतीं दिसतात, शेतांचे बांध दिसतात. येथेंही पूर्वीं वस्ती होती. आपण ज्याला अस्पर्श अरण्य म्हणून वाखाणतों, त्यांतील बरेंचसें माणसें उठल्यावर दाट झालेलें आहे. हें ठाऊक असलें म्हणजे रान कमी सुंदर दिसतें असें नाहीं, पण पाऊल जपून पडतें.

वासोटा उर्फ व्याघ्रगड शिवाजीमहाराजांनीं १६६० सालीं घेतला. उत्तर पेशवाईंत पंतप्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलिणीनें तो बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढविला. एका तेलिणीनें पेशव्यांच्या सेनापतीस असें ताटकळत ठेवावें, याचा आमच्या घरांतील मुलींना फार अभिमान वाटला. अखेर गड गोखल्यांनीं घेतला. पुढें दुसऱ्या बाजीरावानें साताऱ्याच्या छत्रपतींचें कुटुंब आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथेंच अटकेंत ठेविले. १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत गोखले पडले, आणि एप्रिलांत इंग्रजांच्या तोफांपुढें वासोटाही पडला. आज वर महादेवाचें देऊळ, बिनछपराचा मारुति, पडका वाडा व पाण्याचें टांकें एवढेंच आहे. पण पश्चिमेच्या कड्यावर उभें राहिलें कीं सारें कोंकण पायांखालीं येतें. समोरचा बाबूकडा पाहून बोलण्यास शब्द सुचेना. मुलांना कठड्यापासून मागें ओढण्यांतच आमचा निम्मा वेळ गेला, हेंही सांगितलें पाहिजे.

मूळ सातारा जिल्ह्याचे १९४९ सालीं उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्यालाच १९६० पासून सांगली म्हणतात. घाटमाथ्याचें रान मात्र सलग आहे. त्याचें दक्षिणेकडील टोंक म्हणजे वारणेकांठचें चांदोली, २००४ पासूनचें राष्ट्रीय उद्यान. कोयना व चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ दिसेल या भरंवशावर जाऊं नये. आम्हांस गवे दिसले, एक शेकरू दिसलें, तेवढ्यावर आम्ही तृप्त होतों. वाटेंत बत्तीस शिराळ्याचा मारुति लागतो. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं तो एक, त्यामुळें वडील मंडळींचें देवदर्शनही साधलें.

परततांना देवराष्ट्राजवळचें सागरेश्वर पाहिलें. देवराष्ट्रें हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव, आणि शेजारच्या डोंगरांत जुन्या देवळांचा समूह आहे. पण आम्हांस अधिक आवडलें तें तेथील अभयारण्य. अवघें साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरांचें हें रान आपोआप उगवलेलें नाहीं. उजाड टेकड्यांवर माणसांनीं झाडें लावलीं, जगविलीं, हरणें आणून सोडलीं, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे श्रम त्यांत मोठे. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें. कळपानें पळणारीं हरणें पाहून मुलें ओरडलीं. काकू एका झाडाच्या सावलींत बसून म्हणाल्या, "इथें कुणाला उठावं लागलं नाहीं ना?" आम्हीं जें वाचलें होतें तेवढें सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि डबा उघडून सर्वांना दशम्या वाढल्या.

वैशाखांत पाणी उतरलें कीं कोयनेच्या कांठचा बुडालेला भाग उघडा पडतो, असें नावाड्यानें त्यांना सांगितलें आहे. तेव्हां यंदाच्या उन्हाळ्यांत आमची मंडळी पुन्हां बामणोलीस जाणार, हें ठरलें. काकूंनीं लाँचवाल्याचा दूरध्वनि क्रमांक आमच्याकडून पाठ म्हणून घेतला आहे.