पिकअपचं स्टेअरिंग ऑइल गळतंय? आधी पुसा, मग पाहा



होडीच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला की आपले कान टवकारतात. पण तीच मासळी बाजारात पोचवणाऱ्या पिकअपकडे आपलं लक्ष नसतं. संस्थेच्या पिकअपबाबत आमच्याकडून हीच चूक झाली.

शापोरा जेटीवरून पहाटे म्हापशाला जाताना वळणावर स्टेअरिंग जड लागतं, कुंई-कुंई आवाज येतो, असं ड्रायव्हर दोन आठवडे सांगत होता. पॉवर स्टेअरिंगच्या डब्यात ऑइल कमी दिसलं की आम्ही भरायचो. गाडीखाली डाग पडायचा, पण बर्फाचं पाणी नेहमीच ठिबकतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका गॅरेजमध्ये वरवर बघून प्रेशर पाइप बदलला. पैसे गेले, गळती तशीच राहिली. हे पैसे सभासदांचे, म्हणून आम्हाला जास्त लागलं.

शेवटी एका जुन्या मिस्त्रीने नीट शोध घेतला. त्याची रीत सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

१. थेंब बोटांवर चोळून बघा. पाणी असेल तर कळतंच. ऑइल बुळबुळीत लागतं. बऱ्याच गाड्यांत ते लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं.

२. पंप, पाइप, जोड आणि रॅक पुसून कोरडे करा. ऑइल वरून ओघळत खाली येतं, त्यामुळे जिथे ठिबकतं तिथेच गळती असेल असं नाही.

३. कंपनीने सांगितलेलंच ऑइल खुणेपर्यंत भरा. खाली पुठ्ठा टाका, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टोकाला मात्र धरून ठेवू नका, पंपावर ताण येतो.

४. इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात सगळ्यात वरची ओली जागा शोधा. पंप ओला असेल तर पंपाचं सील. जोड ओला असेल तर पाइप किंवा वॉशर.

५. वरचं सगळं कोरडं असेल तर रॅकच्या दोन टोकांचे घडीचे रबरी बूट दाबून बघा. आत ऑइल डुचमळत असेल तर क्लिप सैल करा. ऑइल बाहेर आलं तर रॅकचं आतलं सील गेलं. थोडं ग्रीस असणं वेगळं.

आमच्या गाडीचा डावा बूट ऑइलने भरलेला होता. त्याच्यावर बारीक चीर होती. त्यातून खारं पाणी आणि रेती आत गेली, दांड्याला गंज चढला आणि त्या खरखरीत दांड्याने सील कापलं. बूट स्वस्त, रॅक महाग. चीर वेळेवर दिसली असती तर बुटावरच भागलं असतं.

दांडा गंजला असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, तेही पुन्हा कापलं जातं. आम्ही रॅक बदलून घेतला, हवा काढली आणि अलाइनमेंट करून घेतली. गळती थांबवायची बाटली मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. ऑइल संपलं तर पंपही जातो, आणि भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग उतारावरच्या वळणावर अचानक जड झालं तर काय होईल ते सांगायला नको.

एक विनंती: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका. खाली घोडी लावा, चाकांना ओंडके लावा.

जेटीवरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. तेव्हा जाळी विणता विणता एक दिवस पिकअपचे बूटही बघून घ्या. आम्ही आता दर महिन्याला बघतो.